कोरड्या घशाचं वाक्य

पुढाऱ्यांची भाषणं लिहून देणारी एजन्सी मी काढली, त्याला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकदाच मी शहाणपणा करायला गेले.

नामदार बापूसाहेबांची संध्याकाळी प्रचारसभा होती. त्या गावात नळाला महिन्यातून दोनदा पाणी. सकाळीच त्यांनी मला दरडावलं, "पाटसकर मॅडम, असं वाक्य द्या की नुसतं ऐकून लोकांची तहान भागली पाहिजे. नाहीतर एजन्सीला कुलूप लावा."

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'तहान तुमची, घसा माझा कोरडा.'

दिवसभर उन्हात फिरून ते स्टेजमागे आले आणि पाणी मागितलं. मी बाटली मागे लपवली, चिठ्ठी पुढे केली. "साहेब, वाक्यानं तहान भागते ना? मग आधी तुमची भागवून बघा."

ते खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत राहिले. तेवढ्यात माईकवरून त्यांचं नाव पुकारलं, म्हणून चिठ्ठी घेऊन तसेच वर चढले. ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज खरोखरच फाटला. समोरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

बापूसाहेब प्रचंड मतांनी निवडून आले. गावात अजूनही टँकरच येतो. त्याच्यावर माझं वाक्य रंगवलंय.