टिमकी बेडकी आणि कोकमाचं बी

टिमकी नावाची एक बेडकी होती. केवढी? आईच्या अंगठ्याएवढी. ती सुपारीच्या बागेत राहायची, एका छोट्या डबक्यात.

एके सकाळी टिमकी जागी झाली. पाहते तर काय, डबक्यात पाणीच नाही. नुसता चिखल.

"माझं पाणी कुठे गेलं?" टिमकी म्हणाली. आणि निघाली शोधायला.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बागेत होता एक पाट. पाट म्हणजे पाण्याची वाट. त्याचंच पाणी डबक्यात यायचं.

"पाटा, पाटा,
माझं डबकं भरेना.
वाहा ना रे."

"नाही वाहणार."

"का रे?"

"वाटेत पानं अडकलीत. मावशी पानं उचलेना, मी वाहू कसा?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बाग होती द्वारकामावशीची. मावशी पायरीवर बसली होती. पाय धरून.

"मावशी, मावशी,
पाट वाहेना,
माझं डबकं भरेना.
पानं उचल ना गं."

"नाही उचलणार."

"का गं?"

"टाचांना भेगा पडल्यात, बाळा. पाऊल टेकवत नाही. आजोबा तेल देईनात, मी पानं उचलू कशी?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

शेजारी राहायचे तातूआजोबा. त्यांची कढई होती रिकामी.

"आजोबा, आजोबा,
मावशी पानं उचलेना,
पाट वाहेना,
माझं डबकं भरेना.
तेल द्या ना हो."

"नाही देणार."

"का हो?"

"ते तेल कोकमाच्या बियांचं. भेगांवर लावायचं. पण बिया संपल्या की. झाड फळं देईना, मी तेल देऊ कसं?"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

कोकमाचं झाड उंच उंच. फांद्या खाली झुकलेल्या. फळं लाल लाल.

"झाडा, झाडा,
आजोबा तेल देईनात,
मावशी पानं उचलेना,
पाट वाहेना,
माझं डबकं भरेना.
फळं दे ना रे."

"नाही देणार."

"का रे?"

झाड हळूच म्हणालं, "माझ्या सालांची आमसुलं होतात. बियांचं तेल होतं. सगळं घरात जातं. मातीत एकही बी जाईना, माझं बाळ उगवेल कसं?"

टिमकी विचार करत बसली.

"बी मातीत जाईना,
झाड फळं देईना,
आजोबा तेल देईनात,
मावशी पानं उचलेना,
पाट वाहेना,
माझं डबकं भरेना.
आता कोणाला सांगू?"

तिनं इकडे पाहिलं. कोणी नाही. तिकडे पाहिलं. कोणी नाही. मग तिनं आपल्याच पायांकडे पाहिलं.

"मला खणता येतं," टिमकी म्हणाली. "मीच लावते."

टप्प. झाडानं एक फळ टाकलं. फळ फुटलं. आत पांढरा पांढरा गर, आणि गरात बिया. टिमकीनं जीभ लावून पाहिली. डोळे गच्च मिटले. आंबट.

मग ती खणायला लागली. खरर खरर, खरर खरर. सावलीतली मऊ माती. एक बी आत ठेवलं. वर माती ओढली. थप थप, थप थप.

"फार खोल गेलं का रे?"

"नाही गं. अगदी बरोबर," झाड म्हणालं. आणि अंग हलवलं.

टप टप टप टप.

बी मातीत गेलं,
झाडानं फळं दिली.

आजोबा टोपली घेऊन आले. सालं वाळत घातली. बियाही वाळत घातल्या. तोवर टिमकी राहिली आजोबांच्या माठाखाली, गार गार ओलीत. चार दिवसांनी बिया वाळल्या. आजोबांनी त्या कुटल्या. पाण्यात उकळल्या. रटरट, रटरट. तेल वर आलं. गार झालं. घट्ट झालं. आजोबांनी मुठीत दाबून त्याचा गोळा केला.

आजोबांनी तेल दिलं,
मावशीनं टाचांना लावलं. आज लावलं, उद्या लावलं, परवाही लावलं. भेगा मिटल्या. मावशी उठली. चालली.

मावशीनं पानं उचलली. ती टाकली नाहीत हं. जिथे बी होतं, तिथे वर पसरली. माती ओली राहावी म्हणून.

पाट वाहिला. झुळुझुळु, झुळुझुळु.

डबकं भरलं. काठोकाठ भरलं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक...

डुबुक.

टिमकी गेली पाण्यात, आणि गोष्ट आली कानात.