आखडलेली रज्जू

त्रेतायुगाचा मध्यान्ह ढळत असता, शोषक नावाच्या मायावी असुराने शुभ्रतोया नदीचा उगम आपल्या उदरात कोंडून ठेवला होता. वेतसांनी झाकलेले तिचे तीर वाळवंट झाले, गोधन नष्ट झाले आणि तीरावरची गावे विहिरींच्या तळचा चिखल गाळून पिऊ लागली. त्या प्रजेच्या रक्षणार्थ, चारी वेद मुखोद्गत असलेल्या महर्षी दीर्घश्रुतांनी नदीकाठच्या आपल्या आश्रमात सोळा ऋत्विजांसह नदीमोचन सत्र आरंभिले.

चार वर्षे अहोरात्र ते सत्र चालले; आणि पूर्णाहुतीच्या क्षणी, वेदीच्या पूर्व टोकाशी अदृश्य रूपाने टपलेल्या शोषकाने हविर्भाग गिळून विकट हास्य केले. महर्षींनी पुन्हा आरंभ केला. आणखी चार वर्षे गेली आणि पुन्हा तेच झाले! तिसरे सत्रही असेच विफल झाले, तेव्हा बारा वर्षांच्या तपाची राख डोळ्यांदेखत उडालेल्या त्या महात्म्याचा संयम सुटला. कमंडलूतील जल ओंजळीत घेऊन ते गरजले, "बोला! कोणाचा मंत्र चुकला? कोणाचा स्वर ढळला?"

पंधरा जणांनी माना खाली घातल्या. सोळावा, वेदी रचणारा अध्वर्यू शंयुमित्र, हात जोडून पुढे आला.

"भगवन्, मंत्र कोणाचाच चुकला नाही. वेदी मापायची आपली रज्जू आखडली आहे. वेदी पूर्वेला उणी पडते, आणि त्या उण्या जागेतून असुर आत शिरतो."

"माझी रज्जू? माझ्या गुरूंनी दिलेली?"

"होय. मुंजतृणाची ती, सुकून चार अंगुळे कमी झाली आहे."

"हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या सत्रापासून. आम्हा सर्वांनाच."

"आणि बारा वर्षे तुम्ही मूग गिळून बसलात?"

"ऋचा म्हणणारा ऋत्विज वामरथ तेव्हाच बोलला होता, भगवन्. 'गुरुनिंदक' म्हणून आपण त्याला नदीच्या पात्रापलीकडे घालवून दिलेत. त्याच्या जागी नवा ऋत्विज आला. त्या दिवशी आम्ही सारे एक धडा शिकलो."

"कोणता धडा?"

"गप्प बसण्याचा."

सत्य ऐकण्याची सवय मोडलेल्या माणसाला ते प्रथम अपमानासारखेच लागते. वेदवेत्ताही त्याला अपवाद नाही. "ज्या जिव्हेने गुरुपरंपरेला उणे म्हटलेस, ती याच क्षणी जड होवो!" असे म्हणून महर्षींनी जल सोडले. शंयुमित्राचे ओठ हलले. शब्द उमटला नाही.

मग महर्षींनी स्वतः रज्जू उचलली. यजमानाने हात उंचावून उभे राहावे, टाचेपासून बोटांच्या अग्रापर्यंतची ती उंची हेच वेदीचे माप. रज्जूचे एक टोक त्यांनी टाचेखाली दाबले आणि दुसरे वर ताणले. ते बोटांपर्यंत पोहोचेना. त्यांनी पुन्हा ताणले, हिसका दिला, मुंजेचे तंतू तुटेपर्यंत ओढले. चार अंगुळे उणी ती उणीच!

तेव्हा कुंडातून ज्वालामुकुटधारी अग्निदेव प्रकटला.

"देवा, माझा शाप परत घे," महर्षी कळवळून म्हणाले. "हवे तर माझी वाणी ने."

"सुटलेला शाप मलाही परतवता येत नाही," अग्नी म्हणाला. "बारा वर्षे मी तुझ्यासमोर धुमसत होतो, दीर्घश्रुता. तू एकदाही विचारले नाहीस. माझ्या हाती एवढेच आहे: या शंयुमित्राने हात उचलला की मी जागच्या जागी थांबेन, दोष निवारल्याखेरीज आहुती स्वीकारणार नाही, मग यजमान तू असलास तरी."

दुसऱ्याच दिवशी महर्षी कोरडे पात्र तुडवीत पलीकडे गेले. वामरथ केस पिकलेला, शेळ्या राखीत बसला होता. "तू म्हणालास ते खरे होते," एवढेच ते बोलू शकले. वामरथ म्हणाला, "बारा वर्षांत माणसे मेली, भगवन्." आणि काठी उचलून मागोमाग निघाला.

चौथे सत्र नव्या रज्जूने मांडले गेले. वेदीच्या दक्षिणेस बसलेल्या शंयुमित्राने सत्रकाळात तीनदा हात उचलला, त्यातले एकदा महर्षींच्याच मंत्रावर. तिन्ही वेळा अग्नी थांबला, महर्षी थांबले, दोष निवारला गेला. पूर्णाहुतीला पूर्व टोकाशी शोषकाला शिरकाव मिळेना. हव्य न लाभल्याने क्षीण झालेल्या त्या असुराचे उदर फुटले आणि शुभ्रतोया फेसाळत खाली आली. शंयुमित्र मात्र आमरण मूकच राहिला.

तेव्हापासून त्या तीरावरच्या यज्ञांत दक्षिणेचे आसन मौन धरणाऱ्या ऋत्विजासाठी राखले जाते आणि त्याने हात उचलला की प्रत्यक्ष राजाही हातातली आहुती खाली ठेवतो, असे जाणते सांगतात.