आबासाहेबांचा आठ पावलांचा इतिहास

आबासाहेब ढमाल्यांनी गौरवग्रंथाचे कागद चौथ्यांदा भिरकावले, ते थेट भाकरीच्या परातीत जाऊन पडले.

"माझा इतिहास लिहिता येत नाही? मग कॉलेजात पोरांना शिकवता काय?"

ग्रंथ लिहिणाऱ्या वाळिंबे सरांनी पेनाला टोपण घातलं. आबासाहेब म्हणजे आमदारकीला आठ वेळा उभा राहिलेला, सात वेळा निवडून आलेला माणूस. पंच्याहत्तरी तोंडावर आलेली. ग्रंथ तर निघायलाच हवा. पण पाचव्या निवडणुकीत आबासाहेब पडले होते आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं. सरांनी आधी ती निवडणूक गाळून टाकली. आबासाहेब म्हणाले, लोक विसरलेत काय, हसतील मला. मग घातली, तर म्हणाले, पुन्हा पाडायला बसलात का? मग सरांनी लिहिलं, 'निसटता पराभव'. आणि पडले होते ते अकरा हजारांनी. असलं छापलं असतं तर विरोधकांनी तालुकाभर टिंगल केली असती.

चांगुणानं परातीतले कागद उचलून पीठ झटकलं. ओढ्यापलीकडच्या शेंडेवाडीची बाई. बारा वर्षं या घरात भाकऱ्या थापत होती.

"एवढं काय अवघड हाय त्यात?" ती म्हणाली.

सरांनी डोळे मिटून घेतले. आबासाहेब चवताळले.

"तू लिहिणार? चौथी शिकलेली?"

"लिवणार न्हाई. दाखवणार."

"बरं, ऐक तर. आठही निवडणुका आल्या पाहिजेत, एकापाठोपाठ एक. त्यात काडीचं खोटं नको, माझ्या वैऱ्यानंसुद्धा खरं म्हटलं पाहिजे. मी पडलो तेही आलं पाहिजे, पण माझी मान खाली जाता कामा नये. जमलं तर माग काय पाहिजे ते. नाही जमलं तर उद्यापासून माझ्या चुलीपुढं दिसायचं नाहीस."

"शब्द?"

"शब्द."

"मग आत्ताच ऐकून ठेवा. आमच्या ओढ्यावर पूल पायजे."

आबासाहेबांना ठसका लागला. गेल्या श्रावणात चांगुणाच्या लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा फुगलेला होता. चार बाप्यांनी घोंगडीची झोळी करून पोरीला छातीभर पाण्यातून पलीकडं नेलं. लेक वाचली, नातू वाचला. पण त्या दिवसापासून चांगुणाची भीड चेपली होती. हातातलं काम गेलं तरी चालेल, पण पूल आणीन, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"उद्या सकाळी ओढ्यावर या," ती म्हणाली. "इतिहास वजनाला भारी हाय. मला हितं आणवायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी आबासाहेब धोतर सावरत ओढ्यावर आले, मागं वाळिंबे सर. पलीकडच्या काठावर शेंडेवाडीच्या बायका उभ्या होत्या. हातात पहारी, लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आणि ओढ्यात, या काठापासून त्या काठापर्यंत, आठ घडीव दगड एकापुढं एक मांडलेले.

आबासाहेबांनी ते लगेच ओळखले. कोनशिला होत्या! या ओढ्याची रीतच पडली होती. आमदारानं साडेचार वर्षं वाडीकडं फिरकायचं नाही, आणि आचारसंहिता लागायच्या आत घाईनं येऊन पुलाचं भूमिपूजन उरकायचं. नारळ, हळदकुंकू, नाव कोरलेला दगड, फोटो. निवडणूक झाली की पुलाची मंजुरी बारगळायची. पुढच्या खेपेला नवा नारळ, नवा दगड.

"चला," चांगुणा म्हणाली. "एक दगड म्हंजे एक आमदारकी. नाव, तारीख, समदं कोरल्यालं. तुमचा वैरीबी खोटं म्हणायचा न्हाई."

"माझ्याच नावावर मला पाय द्यायला लावतेस?"

"पस्तीस वर्सं काठावर नुसतं बसून हुतं ते. आता कुटं कुनाच्या कामाला आलंय."

सर तोंडावर रुमाल धरून खोकले. आबासाहेब पाय टाकत निघाले. एक, दोन, तीन, चार.

"यात माझा पक्ष कुठं दिसत नाही," ते मधेच म्हणाले.

"दगडावर पक्ष कोरत न्हाईत. तीन बदलले न्हवं तुमी? झाकले गेले बघा."

पाचव्या दगडाशी ते थबकले. त्यावर नाव होतं जोत्याजीराव मुळूक, त्यांना पाडणारा माणूस.

"हा माझ्या इतिहासात कशाला?"

"त्या पाच वर्सांत आमदार त्येच हुते. तुमी पडला, त्ये आलं. आता त्येंच्या नावावर पाय द्या आन् सहाव्यावर जावा. मान खाली गेली का वर ऱ्हायली, तुमीच सांगा."

आबासाहेबांनी पाचव्या दगडावर पाय जरा दाबूनच ठेवला. तिथून सहावा, सातवा, आठवा. आठव्याचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. मागच्याच महिन्यातलं होतं. तिथं मात्र त्यांनी आवाज चढवला.

"चांगुणा, सरकारी कोनशिला उपटल्यास तुम्ही. गुन्हा आहे हा. फौजदाराला बोलावतो."

"बोलवा की. पन पंचनाम्यात त्यास्नी लिवावं लागंल, आठ कोनशिला हुत्या आन् पूल एकबी न्हवता."

आबासाहेबांनी मागं वळून आठही दगडांवरून नजर फिरवली. मग त्यांच्या पोटातून जे हसू फुटलं, ते थांबेना. तोल जाऊन पाण्यात पडायचे, सरांनी धोतराचा सोगा धरला म्हणून वाचले.

"सर, ग्रंथात या ओढ्याचा फोटो छापा. बाकीचे कागद द्या बंबात," त्यांनी डोळे पुसत सांगितलं. मग दगडावरूनच इंजिनिअरला फोन लावून दम भरला, सोमवारी इथं खोदकाम दिसलं पाहिजे. फोन ठेवून ते चांगुणाकडं वळले. "झालं तुझ्या मनासारखं? सोमवारी नारळ घेऊन येतो, पूजा करू."

"पूजा नगं, आबासाहेब. नववा दगड ठिवायला वढ्यात जागा न्हाई. तुमी आपलं पुलावरनं चालत या."

आबासाहेब पुन्हा खदाखदा हसले आणि नारळाचा विचार त्यांनी सोडून दिला. शिमग्याला ते शेंडेवाडीत आले, ते पुलावरून चालत, आणि पहिल्या पंगतीला चांगुणाच्या शेजारी बसून जेवले. भाकरी त्या दिवशी दुसऱ्या बाईनं थापली.