पाहुण्यांच्या दाराची कडी

कमलपूरचे रेशीम विणणारे विणकर मुलुखात नावाजलेले. ते रेशीम आपल्याकडेच विणलं जावं, म्हणून दुर्जय राजाने त्यांची अख्खी वस्ती पळवून नेली. कमलपूरचं सैन्य तुटपुंजं. तेव्हा शेजारच्या सोनगिरीने, मित्राला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून, आपले वयोवृद्ध दूत केरोपंत यांना दुर्जयाकडे पाठवलं.

देशोदेशीच्या दूतांसमोर राजा हसून म्हणाला, "पळवून कसलं आणलंय? ते माझे पाहुणे आहेत! आणि पंत, त्यांच्यात सोनगिरीचं एकही माणूस नाही. तुमचं काय दुखतंय?"

केरोपंतांनी सकाळीच विणकरांना कोंडलेल्या खोल्या लांबून पाहिल्या होत्या. गजांमागचे ते चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. तरी ते शांतपणे म्हणाले, "पाहुणे असतील तर आनंदच आहे, महाराज. फक्त आपल्या सुताराची चूक झालीय. पाहुण्यांच्या खोलीची कडी आतल्या बाजूला असते. इथे प्रत्येक दाराला ती बाहेरून ठोकलीय. तेवढी आजच आत बसवून घ्या."

दरबारात खसखस पिकली. नाही म्हणावं तर सगळ्यांदेखत खोटं उघडं पडत होतं. राजाने ओठ चावत मान डोलावली.

मग पाहुण्यांना अडवणार कोण? संध्याकाळपर्यंत तिथे एकही विणकर उरला नाही.

वेशीबाहेर सगुणा नावाची म्हातारी विणकरीण पंतांजवळ आली. "आम्ही तुमचे कोण, बाबा? आमच्यासाठी एवढ्या लांब आलात?"

"बाई, तुमचे माग थांबले, तेव्हापासून आमच्या गावात कुणाला घास गोड लागला नाही," पंत म्हणाले, आणि तिचं गाठोडं त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं.