दुकानात न मिळणारे सार्जंट

अमेरिकेतल्या एका लष्करी तळाच्या फाटकावर मूळची लातूरची उत्तरा बिडकर पहाऱ्याला उभी होती. शिपाई होऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. तेवढ्यात दुसऱ्याच तळावरचे एक जनरल, गाडी पंक्चर झाली म्हणून घामाघूम होत चालत आले आणि भलीमोठी बॅग तिच्यापुढे आदळून म्हणाले, "ही विश्रामगृहात पोचव."

उत्तरानं कडक सलाम ठोकला. "सर, फाटक सोडायचं तर माझ्या सार्जंटचा हुकूम लागतो. त्यांना कॅप्टन सांगतात आणि कॅप्टनना कर्नल."

जनरल भडकले. "माझ्या खांद्यावरचे तारे दिसत नाहीत? उद्या नोकरी राहणार नाही तुझी!"

उत्तरा तशीच ताठ उभी राहिली. "दिसतात ना, सर. तसलेच तारे त्या समोरच्या लष्करी सामानाच्या दुकानात कुणालाही विकत मिळतात. माझे सार्जंट मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. म्हणून हुकूम त्यांच्याच तोंडून घ्यायचा."

जनरलनी मागे वळून पाहिलं. दुकानाच्या काचेत ताऱ्यांची रांग चमकत होती. ते खो खो हसले, बॅग स्वतःच उचलली आणि आत निघाले.

उत्तरा आडवी आली. "सर, ओळखपत्र?"