आवळगावचे झाकण

आवळगावच्या कुंभारांची मडकी पंचक्रोशीत नावाजलेली. पण त्यांवर झाकण मिळत नाही. ते घ्यायला शेजारच्या गावी जावे लागते. आणि इतरत्र ज्याला घराण्याचे वावडे म्हणतात, त्याला या गावात 'झाकण' म्हणतात. कुणाच्या घरी पडवळ चालत नसेल, तर तो सांगतो, "आमचं झाकण पडवळाचं." पाहुणे हसतात. मग म्हातारे श्रीपती कुंभार चाक थांबवतात आणि हे सांगतात.

फार मागे ओळीने दोन वर्षे पाऊस पडला नाही. तेव्हा या घरात गोजरा नावाची सून होती, असे सांगतात. तीन लेकरे, नवरा मडकी घेऊन लांबच्या बाजाराला गेलेला. त्या दुपारी चुलीवर घरातले शेवटचे ओंजळभर हुलगे शिजत होते. दारातून हाक आली, "वहिनी!" सात कोस चालून नणंद येसू माहेरी आली होती. गालफडे बसलेली, ओठांना चिरा पडलेल्या.

आवाज ओळखला आणि गोजराचा हात झाकणाकडे गेला. मडके झाकूनच ती वळली.

"काय शिजतंय गं?"

"काव उकळतीय. मडक्यांना लावायची."

हुलग्यांचा वास घरभर होता. येसूने चुलीकडे पाहिले, लेकरांकडे पाहिले. मग पदराची गाठ सोडली. आत पसाभर ज्वारी होती.

"तुमच्यासाठीच आणली. काव उतरली की पोरांना रांधून घाल," म्हणाली आणि पाणीही न पिता निघाली.

गोजरा त्या ज्वारीकडे बघत राहिली. अंगावरची चामडी सोलून निघावी तसे तिला झाले. ती अनवाणीच धावत सुटली. खिंडीत नणंदेला गाठून तिने पाय धरले. "चुकलं माझं, वन्सं. हुलगं होतं ते."

"वासावरनं कळलंच की," येसू म्हणाली. "पोरांपुरतंच आहे म्हणाली असतीस, तर मीच वाढलं असतं त्यांना. परकी केलीस तू मला." पाय सोडवून घेऊन ती खिंड उतरली.

नवरा परतल्यावर गोजराने सारे सांगितले. भावकीसमोरही सांगितले, मान मात्र वर होईना. पुढे पाऊस झाला, भट्टी लागली. तेव्हा म्हणे मडकी खणखणीत निघाली आणि झाकणे तेवढी एकूण एक तडकली. गोजराने तुकडे ओढ्यात टाकले आणि शपथ घेतली: या घरात झाकण घडणार नाही, अन्नावर पडणार नाही. पुढे भावकीतल्या साऱ्या कुंभारांनी ती पाळली. कुणी कारण विचारले की सगळे सांगताना तिची जीभ अडखळे. ती एवढेच म्हणे, "आमचं झाकण आहे ते." हळूहळू तोच शब्द गावाच्या तोंडी बसला.

आजही घरात नवी सून आली की ही हकिगत तिला सासू सांगत नाही. माहेरपणाला आलेली नणंद सांगते. सून खाली बघून ऐकते आणि शेवटी विचारते, "मग येसूबाई परत आल्या का हो, वन्सं?"

नणंद उठते आणि चुलीवरच्या उघड्या मडक्यातून आधी तिला वाढते.