किटलेल्या कानांचं गाव

“उद्या सकाळी तुझी सनई वाजली, की सगळं गाव धावत येऊन या सज्जाखाली उभं राहिलं पाहिजे! नाही राहिलं, तर इनामाची जमीन सोडायची आणि बायकोसकट सीमेपलीकडे चालू लागायचं!”

धवलराज महाराजांनी नगारखान्यातल्या रखमाजी गुरवाला असं भर दरबारात सुनावलं. वर अटीही घातल्या. धून तीच, विजयाची. एक सूर इकडचा तिकडे करायचा नाही. दवंडी पिटायची नाही, कुणाला बोलवायचं नाही, लाडूबिडू वाटायचे नाहीत!

रखमाजीने घरी येऊन बायकोला, चिमाबाईला, हे सांगितलं आणि डोक्याला हात लावून बसला. जमीन गेली तर खायचं काय? पण चिमाबाईचा स्वभाव आधी भांडायचा आणि मग घाबरायचा.

“म्हाराजांना एवढं काय झोंबलं? तुम्ही बोललात तरी काय?”

“खरं बोललो.”

“मग झालं!”

झालं होतं ते असं. महाराजांनी तरुणपणी एक गड जिंकला, तेव्हा ही धून पहिल्यांदा वाजली. माणसं गुलाल उधळत रस्त्यावर आली. महाराजांना ते इतकं आवडलं, की मग धुनीला उसंत म्हणून मिळेना. महाराजांनी पहाटे डोळे उघडले, वाजवा! शिकार घेऊन आले, वाजवा! शिकार न मिळता आले, तरी वाजवा! दाढ दुखायची थांबली, हरवलेला जोडा पलंगाखाली सापडला, वाजवा! आता सकाळी धून सुरू झाली की बायका चुलीवर डाळ चढवत आणि पुरुष कूस बदलत. सज्जाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

असं का होतं, हे महाराजांनी दरबारात विचारलं. प्रधानजी म्हणाले, “प्रजा तृप्त आहे.” शास्त्रीबुवा म्हणाले, “प्रजेची रसिकता मुरली आहे.” महाराजांनी रखमाजीकडे बघितलं. त्या भल्या माणसाला असले गोड शब्द कुठून सुचणार? तो म्हणाला, “म्हाराज, लोकांचे कान किटलेत. धुनीचा पार चोथा झालाय!”

हे ऐकून चिमाबाईला तशातही हसू आलं. “बरोबर बोललात की! रोज उठून हळद लावून हिंडलं, तर माणूस नवरदेव दिसत न्हाई, काविळीचा दिसतो! आता ऐका. उद्या पहाटे सनई वाजवायची न्हाई.”

“अगं, वाजवूनसुद्धा कुणी येत न्हाई, ते न वाजवता येणार?”

“मी सांगेन तेव्हा वाजवा. तोवर गप!”

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि नगारखाना मुका! वाड्यात सुतक पडलं तरच तो मुका राहतो, हे गावात पोराटोरांना ठाऊक होतं. बायकांचे डाळीवरचे हात थांबले. न्हाव्याने गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडलं. “सनई का वाजली न्हाई?” तेवढ्यात महाराजांचा शिपाई रखमाजीला शोधत बाजारातून पळाला, कुणाशी एक शब्द न बोलता. मग काय! पिठाचे हात, ओले केस, काखेतली पोरं, जो जसा होता तो तसा वाड्याकडे धावत सुटला. सज्जाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणी डोळे पुसत होतं, कुणी नवा राजा शेतसारा किती लावील याचा अंदाज बांधत होतं.

चिमाबाई नवऱ्यासकट नगारखान्यात आतून कडी घालून बसली होती आणि फटीतून बघत होती. आपण भलताच खेळ मांडला, हे तिला आता कळलं आणि ती घाबरली. इतक्यात महाराज लालबुंद होऊन सज्जात आले.

“वाजवा!” ती नवऱ्यावर ओरडली.

धून दुमदुमली. लोकांनी वर बघितलं आणि एकच कल्लोळ उठला. “म्हाराज जिवंत हायेत! जिवंत हायेत!” पागोटी हवेत उडाली, म्हाताऱ्या नाचल्या. महाराजांनी खुशीत हात उंचावला आणि मग लोक काय ओरडताहेत ते त्यांच्या ध्यानात आलं.

“जिवंत? म्हणजे? मी मेलो असं सांगितलं कुणी?”

चिमाबाई पायऱ्या उतरून पुढे आली. “कुणीच काही सांगितलं न्हाई, म्हाराज. सनईसुद्धा गप होती.”

गर्दीतून प्रधानजी घुसले. “राजद्रोह! या बाईने महाराजांचं वाईट चिंतलं!”

“मी कुठं? प्रधानजी, तुम्ही पांढरं पागोटं कुणासाठी बांधून आलात?”

सगळं गाव प्रधानजींच्या डोक्याकडे बघू लागलं. त्यांनी घाईघाईने पागोटं उतरवलं, तर उघड्या डोक्याने ते आणखीच सुतकी दिसू लागले!

“ते राहू दे,” महाराज गुरगुरले. “लोक भीतीने आले. धुनीसाठी कुठे आले?”

“भीतीनं आले, पण नाचले धुनीवरच. म्हाराज, तुम्ही गड जिंकलात त्या दिवशी लोकांनी गुलाल कशासाठी उधळला? गड काही त्यांच्या घरात येणार नव्हता. तुम्ही धडधाकट परत आलात म्हणून उधळला! आज त्यांना तीच बातमी मिळाली. एरवी ती आम्ही दिवसातून दहादा देतो. दहादा कोण नाचणार?”

महाराज असे हसू लागले, की त्यांना कठडा धरावा लागला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी चिमाबाईला दिलं. जमीन पिढ्यान्‌पिढ्या गुरवांकडे राहील आणि विजयाची धून यापुढे फक्त दसऱ्याला वाजेल, असं तिथल्या तिथे जाहीर केलं.

“शाबास, चिमाबाई! शाबास! शाबास! शाब...”

“म्हाराज, एकच पुरे!” चिमाबाईने हात जोडले. “बाकीच्या पुढच्या साली घेईन!”

महाराजांनी चौथी शाबासकी तोंडातच गिळली आणि पुन्हा पोट धरधरून हसत सुटले.